पाणचक्की (छत्रपती संभाजीनगर)

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) शहरात खाम नदीच्या काठी, महमूद दरवाजाला लागून असलेली पाण्यावर चालणारी पिठाची चक्की आणि तिच्याभोवतीचा दर्गा परिसर. बुखाऱ्याजवळच्या गुजदवानचे नक्शबंदी सूफी बाबा शाह मुसाफिर औरंगजेबाच्या काळात येथे स्थायिक झाले. त्यांची व त्यांचे गुरू बाबा शाह पलंगपोश यांची कबर याच आवारात आहे. त्यांच्या खानकाहमध्ये (सूफी मठात) फकीर, वाटसरू आणि मध्य आशियातून मोगली फौजेत आलेले शिपाई यांचा सतत राबता असे. एवढ्यांच्या भाकरी-रोटीचे पीठ जात्यावर दळणे अवघड, म्हणून ही चक्की.

बांधणीचे साल कुठे १६९५, तर कुठे १७४४ असे दिलेले आढळते. बांधणारा तुर्कताजखान हा पहिल्या निजामाच्या पदरचा सरदार होता, हे लक्षात घेता १७४४ अधिक पटते. नहर, हौद, कारंजी ही कामे टप्प्याटप्प्याने झाली असावीत.

खरी करामत चक्कीची नव्हे, पाण्याची आहे. हर्सूलच्या बाजूने कित्येक किलोमीटरवरून बंद खापरी नळांतून आलेले पाणी स्वतःच्याच दाबाने उंच भिंतीत चढते आणि तेथून धबधब्यासारखे हौदात कोसळते. चक्कीकडे वळवलेली धार खाली आडव्या बसवलेल्या लोखंडी पात्यांच्या चाकावर आदळते. चाकाचा उभा दांडा वरची तळी फिरवतो. मधे दातेरी चक्र नाही, बैल नाही. शहरात नळांचे हे तंत्र शहर वसवणाऱ्या मलिक अंबरच्या नहरीने आधीच रुजवले होते. मोठ्या हौदाखाली खांबांवर तोललेले दालन आहे; डोक्यावर पाणी असल्याने ते भर उन्हाळ्यातही गार राहते.

चक्की कोणासाठी होती, हे तुलनेने कळते. जर्मनीत ड्रेस्डेनजवळ प्लाउएन येथे सॅक्सनीच्या दरबाराची गिरणी सोळाव्या शतकात उभी राहिली. तसल्या दरबारी गिरण्यांवरच दळण आणण्याची सक्ती आसपासच्या लोकांवर असे आणि दळणावळ मालकाला मिळे. पाणचक्कीही उभी राहिली सरदाराच्या पैशाने, पण ती दर्ग्याच्या मुदपाकखान्यासाठी. दख्खनच्या घराघरांतली पहाटेची जाती तिच्यामुळे थांबली नाहीत.

आता येथे दळण होत नाही. चक्की पर्यटकांना दाखवली जाते. राज्य वक्फ मंडळाचे मुख्य कार्यालय याच परिसरात आहे.