खाऱ्या हवेतील ‘फ्लायबॅक’: वीजपुरवठ्याची रचना आणि दुरुस्ती

वर्सोव्याची खाडी होडीने ओलांडली की मढचा किनारा लागतो. येथे बांबूंवर बोंबील वाळत असतात आणि समुद्राची खारी, दमट हवा घराघरांत शिरते. ती मोबाइलच्या चार्जरमध्ये, सेट टॉप बॉक्समध्येही शिरते. या उपकरणांच्या पोटात बहुधा एकाच जातीचे सर्किट असते. त्यास ‘फ्लायबॅक’ वीजपुरवठा म्हणतात.

हे नाव दूरचित्रवाणीने दिले. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या काळच्या संचांत इलेक्ट्रॉनांचा झोत सेकंदाला १५,६२५ ओळी काढी आणि प्रत्येक ओळीअखेर झटक्यात मागे फिरे. त्या परतीच्या क्षणी उसळणाऱ्या दाबातूनच चित्रनलिकेला लागणारे हजारो व्होल्ट मिळत. रंगीत संचांत ते २५ हजारांच्या आसपास असत. दुरुस्ती करणारे त्या ट्रान्सफॉर्मरला ‘ईएचटी’ म्हणत. चित्रनलिका गेली, तत्त्व मात्र चार्जरमध्ये उरले.

साधा ट्रान्सफॉर्मर ऊर्जा त्याच क्षणी पलीकडे पोचवतो. फ्लायबॅक आधी साठवतो, मग देतो. मॉस्फेट चालू असताना ऊर्जा चुंबकीय क्षेत्रात साठते आणि तो बंद होताच डायोडमार्गे दुय्यम वेटोळ्यातून बाहेर पडते. साठवणीची खरी जागा म्हणजे फेराइटच्या गाभ्यात मुद्दाम ठेवलेली, मिलिमीटरच्या काही दशांशांची फट. ती नसेल तर गाभा संपृक्त होतो, प्रवाह बेफाम वाढतो आणि मॉस्फेट जळतो. फुटलेला गाभा बदलताना फट न ठेवता चिकटवणाऱ्यांची फसगत येथेच होते.

१२ व्होल्ट, १ अ‍ॅम्पियरचा पुरवठा हवा आहे असे समजू. कार्यक्षमता ८० टक्के धरल्यास १५ वॉट आत घ्यावे लागतात. स्विचिंग ६५ किलोहर्ट्झचे असेल तर प्रत्येक आवर्तनात सुमारे २३० मायक्रोज्यूल साठवावे लागतात. एकदिश दाब किमान २०० व्होल्ट आणि मॉस्फेट ३० टक्के वेळ चालू धरला, तर प्राथमिक वेटोळ्याचे इंडक्टन्स सुमारे १.८५ मिलिहेन्री आणि शिखरप्रवाह अर्धा अ‍ॅम्पियर येतो. वेढ्यांचे प्रमाण ८ ला १ ठेवावे. २६५ व्होल्टच्या मुख्य पुरवठ्यावर मॉस्फेटला ३७५ अधिक परावर्तित १००, शिवाय गळतीच्या इंडक्टन्सची उसळी सोसावी लागते. म्हणून ७०० व्होल्टचा मॉस्फेट आणि उसळी जिरवणारा स्नबर हवाच.

दुरुस्तीत पहिले काम मोजमापाचे नव्हे, जीव सांभाळण्याचे. प्लग काढल्यावरही मुख्य संधारित्रात ३२५ व्होल्ट राहू शकतात. ते स्क्रूड्रायव्हरने नव्हे, रोधकातून उतरवावेत आणि मीटरने खात्री करावी. नंतर सीरिज बल्बवर तपासणी करावी. बल्ब क्षणभर लखलखून मंदावला तर ठीक; तेजाळत राहिला तर ब्रिज किंवा मॉस्फेट शॉर्ट आहे. फ्यूज शाबूत असून पुरवठा मुका असेल, तर सुरुवातीचा रोधक व नियंत्रक आयसीचा छोटा संधारित्र पाहावा. टिकटिक आवाज येत असल्यास दुय्यम डायोड किंवा त्याच छोट्या संधारित्रावर संशय घ्यावा. फुगलेला संधारित्र हा तर नेहमीचाच गुन्हेगार. लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग घेताना १०५ अंशांचा आणि कमी ईएसआरचा मागावा. ऑसिलोस्कोपची अर्थ क्लिप प्राथमिक बाजूस कधीही लावू नये.

मढसारख्या ठिकाणी आणखी एक गोष्ट बघावी लागते. मुख्य वीज आणि हाती येणारी वायर यांत बोर्डवर सहाएक मिलिमीटरचे अंतर राखलेले असते. अनेकदा ऑप्टोकपलरखाली चीर कापलेली असते. या पट्ट्यावर मीठ आणि ओल साचली की तेथून वीज गळू लागते. चार्जर चालतो, पण धातूच्या भागाला हात लावणाऱ्यास झटका बसू शकतो. अशा बोर्डाचा हा भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन पूर्ण वाळवावा. पट्टा काळवंडून कोळशासारखा झाला असेल, तर धुऊन उपयोग नाही. तो बोर्ड टाकून द्यावा.