तिघांची बैठक : पियानो, बास आणि ड्रम

आपल्या घाटनांदुरात पियानो कोणी जवळून पाहिला असेल, असं मला वाटत नाही. मी स्वतः त्याला पहिल्यांदा हात लावला तो एम. ए. करताना, एका परिचितांच्या घरी, आणि तोसुद्धा घरच्या मंडळींची नजर चुकवून. पण पेटी कोणी पाहिली नाही? हरिनाम सप्ताह बसला, भजनाला रंग चढू लागला, की पेटी, पखवाज आणि टाळ यांवाचून चालतच नाही. मग असं समजा, की पियानो हा पेटीचा लांबचा भाऊ आहे. पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांची रचना तीच. फक्त पेटीत भात्याच्या हवेने सूर बोलतात आणि पियानोत पट्टी दाबली की आतली लहानशी हातोडी तारेवर पडते. पट्ट्या 88, म्हणून आवाका मोठा.

या दोन्ही भावांमध्ये एक उणेपणही सारखंच आहे. पट्टीवरचा सूर जागचा हलत नाही. सा आणि रे यांच्यामधली घसरण, म्हणजे मींड, पट्ट्यांवर निघत नाही. याही कारणासाठी 1940 सालच्या मार्च महिन्यापासून नभोवाणीने पेटीला आपलं दार बंद केलं होतं, हे तुमच्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? ही बंदी 1971 पर्यंत टिकली. तीस वर्षांहून अधिक काळ! गावोगावच्या देवळांत पेटी वाजत होती, संगीत नाटकं पेटीवर चालत होती, गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी तिला स्वतंत्र वादनाचा मान मिळवून दिला होता, आणि रेडिओवर मात्र तिला मज्जाव. आपल्या जालन्याकडचे अप्पा जळगावकर पुढे भीमसेनजींच्या मागे बसून याच पेटीवर काय काय करून गेले, ते ऐकलं म्हणजे त्या बंदीचं नवल वाटतं.

आता प्रश्न असा, की ज्या वाद्यात मींड नाही त्याच्याकडून माणसाच्या गळ्यासारखं बोलणं काढून घ्यायचं कसं? अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी या प्रश्नाचं उत्तर शोधलं. गुलामगिरीतून सुटलेल्या या समाजाने विसाव्या शतकाच्या आरंभी न्यू ऑर्लिन्स शहरात आणि आसपास जे संगीत उभं केलं, त्याला जॅझ म्हणतात. त्यांच्या गाण्यातले काही सूर असे दबके, अर्धवट उतरलेले असत, की ते पियानोच्या कोणत्याच पट्टीत सापडत नसत. मग वादकांनी युक्ती काढली : शेजारशेजारच्या दोन पट्ट्या एकदम दाबायच्या. थेलोनियस मंक नावाच्या पियानोवादकाने तर या युक्तीचं शास्त्रच केलं. सूर दोन पट्ट्यांच्या फटीत राहतो, तो कानालाच शोधू द्यायचा. तुमच्या गावच्या पेटीवाल्याला हे सांगून पाहा. तो हसेल, कारण अडीनडीला त्यानेही हेच केलेलं असतं.

हे संगीत आपल्या मुंबईला आलं ते फार पूर्वी. 1935 साली लिऑन ॲबी या व्हायोलिनवादकाचा काळ्या कलावंतांचा ताफा अपोलो बंदरावरच्या ताजमहाल हॉटेलात दाखल झाला. त्यानंतर क्रिकेट स्मिथ हा ट्रंपेटवादक ताफ्याचा नायक झाला, आणि त्याच सुमारास टेडी वेदरफर्ड हा पियानोवादक मुंबईत आला. शिकागोमध्ये लुई आर्मस्ट्राँगसारख्या थोर कलावंताबरोबर वाजवलेला हा गडी 1926 मध्ये पूर्वेकडे निघाला, शांघायला राहिला आणि शेवटी हिंदुस्थानचा झाला. पुढे तो कलकत्त्याच्या ग्रँड हॉटेलात वाजवू लागला. तिथेच 25 एप्रिल 1945 रोजी कॉलऱ्याने त्याचा अंत झाला. ज्या रोगाने आपल्याकडची गावं ओस पाडली, त्याच रोगाने हा माणूस आपल्या मुलुखापासून हजारो मैलांवर गेला. इतिहासाच्या क्रमिक पुस्तकात त्याचं नाव नाही. असण्याची अपेक्षाही नाही म्हणा; पण कोणाच्या तरी तोंडी ते असावं, एवढ्यासाठी मी इथे सांगितलं.

ताजमध्ये आपल्यासारख्यांना प्रवेश कुठला? तिथे येणारे साहेब लोक, संस्थानिक आणि धनिक. पण वाजवणाऱ्यांमध्ये हळूहळू आपली माणसं आली, आणि ती होती गोव्याची. पोर्तुगीज अमदानीत तिथल्या चर्चच्या शाळांमध्ये मुलांना व्हायोलिन आणि सुरांचं लेखन शिकवीत. विद्या आली, पण गोव्यात पोट भरेना. मग ही पोरं मुंबईला येत, धोबी तलावाच्या बाजूला आपापल्या गावाच्या ‘कुडी’त उतरत. कूड म्हणजे एका गावच्या लोकांनी मिळून चालवलेली राहण्याची जागा. बाकड्याखाली ट्रंक, भिंतीवर येशूची तसबीर आणि खुंटीला व्हायोलिन. आपल्याकडचे लोक गिरणीत जायचे तेव्हा गाववाल्यांच्या खोलीत दहा-दहा जण राहायचे ना, तशातलाच प्रकार.

हळदोण्याचा आंतोनियो शाविएर वाझ हा त्यांतलाच एक. आर्मस्ट्राँगची धाटणी त्याने इतकी उचलली, की लोक त्याला हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग म्हणू लागले. धंद्यातलं नाव चिक चॉकलेट. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे आपले सी. रामचंद्र, यांना या माणसाचं मोल कळलं. 1951 च्या ‘अलबेला’ चित्रपटात भगवानदादा नाचतात त्याच्या पाठीमागचा तो झणझणीत वाद्यमेळ आठवा. त्यात चिक चॉकलेटचा हात आहे, आणि चित्रपटात त्याचा ताफा प्रत्यक्ष दिसतोसुद्धा. नगर जिल्ह्यातला चितळकर, मुंबईच्या कामगारवस्तीतून वर आलेले भगवान पालव आणि गोव्याचा वाझ, असे तिघे एका गाण्यात भेटले आणि जॅझचा ठेका तंबूतल्या सिनेमातून खेड्यापाड्यांत पोचला. कोणी त्याला जॅझ म्हटलं नाही, एवढंच.

पण इथेच मला एक बोचणी आहे. मडगावजवळच्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसोझा यांच्यासारख्यांनी हिंदी चित्रपटांच्या शेकडो गाण्यांची वाद्यरचना कागदावर उतरवली. पडद्यावर नाव झळकायचं संगीतकाराचं. यांचं बहुधा नसेच, आणि असलं तर साहाय्यकांच्या रांगेत. 1988 साली दूरदर्शनवर लागलेलं एकात्मतेचं गीत तुम्हा सगळ्यांना पाठ आहे, भीमसेनजींच्या आवाजाने सुरू होणारं. त्याच्या वाद्यमेळाची बांधणी लुई बँक्स या जॅझ पियानोवादकाची होती. वर्गात मी विचारतो, तेव्हा भीमसेनजींचं नाव सगळे सांगतात. बँक्सचं कोणी नाही. आमच्या शिक्षकांच्या खोलीतही नाही. तसं पाहिलं तर मृदंगाचार्यांचं नाव सप्ताहाच्या पत्रिकेत कितव्या ओळीला येतं, तेही बघा एकदा.

पुढे असा नेमस्त कान असलेले श्रोतेही मुंबईत तयार झाले. 1952 मध्ये निरंजन झवेरी आणि त्यांच्या मित्रांनी जॅझला वाहिलेलं एक नियतकालिक काढलं. 1958 मध्ये डेव्ह ब्रूबेक हा पियानोवादक आपली मंडळी घेऊन आला आणि मुंबईत सतारिये अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याबरोबर बसून वाजवून गेला. 1978 पासून झवेऱ्यांनीच धोबी तलावाच्या रंगभवनात ‘जॅझ यात्रा’ भरवली. नावातच यात्रा! देशोदेशींचे कलावंत उघड्या रंगमंचावर वाजवीत आणि लोक रात्र-रात्र ऐकत.

आता तिघांच्या बैठकीकडे येतो. पूर्वीच्या जॅझमध्ये मोठे ताफे असत. ते आटत आटत तिघांवर आले : पियानो, बास आणि ड्रम. बास म्हणजे माणसाहून उंच, उभं धरायचं, व्हायोलिनच्या जातीचं वाद्य. जॅझमध्ये त्याच्या जाड तारा बहुधा बोटांनी छेडतात, सूर खर्जातला. ड्रम तर तुम्ही लग्नाच्या वरातीत पाहिलेले आहेतच. या संगीताचं आवर्तनही आपल्याला परकं नाही. त्यांचा एक जुना साचा म्हणजे चार-चार मात्रांचे बारा खंड. 48 मात्रांचं एक आवर्तन झालं. गाणं एकदा मांडायचं, मग त्याच आवर्तनावर प्रत्येकाने मनातलं वाजवायचं, आणि शेवटी पुन्हा मुखड्यावर यायचं.

प्रारंभी या बैठकीत मालक एकच होता, पियानोवाला. बासने पाया धरायचा, ड्रमने ठेका सांभाळायचा. आपल्याकडे लेहरा धरतात तसं. ही घडी बिल एव्हान्सच्या बैठकीत मोडली. त्याच्याबरोबर बासवर स्कॉट लफारो आणि ड्रमवर पॉल मोशन असत. 25 जून 1961, रविवार. न्यूयॉर्कमधलं ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’ नावाचं तळघरातलं ठिकाण. दुपारी आणि रात्री मिळून जे वाजलं, ते ध्वनिमुद्रित झालं. आजही ऐकताना पेल्यांची किणकिण आणि लोकांचं बोलणं मध्येमध्ये कानावर येतं. कोणाला कल्पना होती, आपण काय ऐकतो आहोत! लफारो पाया धरून बसत नाही. पियानो एक वाक्य बोलला की तो उत्तर देतो, कधी प्रश्नच विचारतो, कधी दोघांच्या मध्ये शिरतो. मोशन ठेका मोजून दाखवत नाही. तो सुचवतो, मात्रा तुम्ही मनात धरायच्या. कोण पुढे, कोण मागे हे ठरलेलंच नाही. त्यानंतर अकरा दिवसांनी, 6 जुलैला, मोटारीच्या अपघातात लफारो गेला. वय 25. एव्हान्स पुढे कित्येक महिने वाजवू शकला नाही. साथीदार गेला म्हणून मुख्य कलावंताचे हात थांबले, असं तुम्ही किती वेळा ऐकलं आहे?

त्या एका रविवारच्या खुणा आजच्या बऱ्याच चांगल्या तिघांच्या वाजवण्यात सापडतात. स्वीडनच्या एस्ब्योर्न स्वेन्सनच्या त्रयीने आपल्या नावातच ‘ट्रिओ’ ठेवलं, पण वाटणी तिघांची सारखी. तरुण पोरांनी नाटकगृहं भरवली. 2008 मध्ये पाण्याखाली पोहताना स्वेन्सन दगावला. नॉर्वेचा टूर्ड गुस्तावसेन मला विशेष जवळचा वाटतो. त्याच्या देशातल्या चर्चमधल्या भजनांचा त्याच्या सुरांवर ठसा आहे. विलंबित लय, थोडे सूर, भरपूर मोकळी जागा. 2003 सालची त्याची ‘चेंजिंग प्लेसेस’ ही ध्वनिमुद्रिका पहाटे काकड्यानंतर ऐकून पाहा. ज्याचा कान भजनावर पोसलेला आहे, त्याला ती जड जाणार नाही. घाई असलेल्याला जाईल.

आणि विजय अय्यर. तमिळ आईबापांचा हा मुलगा 1971 साली अमेरिकेत जन्मला, गणित-पदार्थविज्ञान शिकला आणि पियानोकडे वळला. शिक्षक मंडळींना सांगायला हरकत नाही, की तो हार्वर्ड विद्यापीठात प्राध्यापकही आहे. 2011 च्या ‘तीर्थ’ या ध्वनिमुद्रिकेत त्याच्या पियानोबरोबर प्रसन्ना यांची गिटार आणि नितीन मित्ता यांचा तबला आहे. हे मित्ता हैदराबादचे, आणि मुंबईच्या पंडित अरविंद मुळगावकरांचे शिष्य. म्हणजे परळीहून सुटलेली गाडी घाटनांदूरवरून ज्या दिशेला जाते, तिकडचाच हा तबला. 2021 च्या ‘अनइझी’मध्ये मात्र त्रयी रूढ वाद्यांची आहे : बासवर लिंडा मे हान ओ आणि ड्रमवर टायशॉन सोरी. एक बाई बास वाजवते आणि दोघांना खेळवते. सोरीला 2024 मध्ये संगीतरचनेचं पुलित्झर पारितोषिक मिळालं. ठेका धरणाऱ्याला रचनाकाराचा मान! आपल्या पखवाजवाल्यांच्या कानावर हे घालायला हवं.

ऐकायचं कसं, म्हणाल तर एक साधी रीत सांगतो. आता खिशातल्या मोबाईलवर हे सगळं मिळतं, तबकडी धुंडाळायला मुंबईला जावं लागत नाही. एकच गत निवडा आणि ती तीन वेळा ऐका. पहिल्यांदा पियानो ऐका. तो आपोआपच ऐकू येतो. दुसऱ्यांदा फक्त बास. सुरुवातीला तो सापडणार नाही. छोट्या मोबाईलच्या भोंग्यातून खर्ज निघत नाही, तेव्हा कानात घालायची यंत्रं घ्या. तिसऱ्यांदा ड्रम, आणि त्यातही पितळी थाळी. वर्गात मुलांचे तीन गट करून प्रत्येक गटाला एक वाद्य वाटून दिलं, तर पोरं हमरीतुमरीवर येतात, की आमच्याच गड्याने डाव जिंकला.

गेल्या सप्ताहात रात्री भजन आटोपल्यावर आमच्या मंडळातल्या पखवाज वाजवणाऱ्या काकांना मी लफारो ऐकवला. देवळाच्या पायरीवर बसून, दोन्ही कानांत ती यंत्रं घालून, डोळे मिटून त्यांनी गत पुरी ऐकली. बोटं मांडीवर मात्रा मोजत होती, मध्येच थांबत होती, पुन्हा धरत होती. संपल्यावर त्यांनी विचारलं, “पियानोवाला राहू द्या, सर. हा खर्जातला कोण?” मी नाव सांगितलं. त्यांनी ते दोनदा उच्चारून पाहिलं, दोन्ही वेळा चुकलं, आणि म्हणाले, “बरं, मुखड्यापासून लावा परत.”