कुरणाचे गुरू: म्हैसूरच्या ‘अमृतमहाल’ खात्याची कथा

पशुसंवर्धनाच्या योजना तयार करताना ‘कोणती जात निवडावी?’ हा प्रश्न आपल्याकडे बहुधा दुधाच्या आकड्यांवरून सोडवला जातो. जनावर खाणार काय आणि कोठे, हा प्रश्न मागाहून येतो. प्रशासनाच्या इतिहासात याच्या नेमके उलट टोक पाहावयाचे असेल तर म्हैसूर संस्थानच्या अमृतमहाल खात्याकडे वळावे लागते. माझ्या मते भारतात कुरण आणि गोवंश यांचा एकत्र विचार करून चालवलेले इतके दीर्घायुषी सरकारी खाते दुसरे नसावे.

या खात्याचे मूळ विजयनगरच्या श्रीरंगपट्टण येथील प्रतिनिधींनी बाळगलेल्या हळ्ळीकार गाईंत सांगितले जाते. पुढे चिक्कदेवराज वडेयर यांनी (कारकीर्द १६७३ ते १७०४) त्याला रीतसर खात्याचे रूप दिले. नाव होते ‘बेण्णे चावडी’, म्हणजे लोण्याची कचेरी. चावडी हा शब्द मराठी वाचकास परका नाही. राजवाड्यास दूध-लोणी पुरवणे हे त्याचे काम. हैदरअलीने पाळेगारांचे मुलूख जिंकले, तेव्हा हागलवाडी व चित्रदुर्ग येथील गुरेही त्याच्या हाती आली आणि खात्याचा रोख लोण्याकडून तोफांकडे वळला. टिपूने त्याचे ‘अमृतमहाल’ असे नामकरण केले आणि व्यवस्थेचा एक हुकूमनामाच काढला. तो इतका व्यवहार्य होता की पुढे इंग्रज अधिकाऱ्यांनीही बहुतांशी त्याच्याच आधारे काम चालवले.

या व्यवस्थेचा गाभा म्हणजे ‘कावल’, अर्थात राखीव कुरण. कावलांचे तीन वर्ग असत: पावसाळी, हिवाळी आणि उन्हाळी. उन्हाळी कावले सर्वांत मोलाची, कारण तेथे तळ्यांच्या पोटातील ओलाव्यावर गवत टिकून राही आणि झाडांची सावली मिळे. ऋतुमानाप्रमाणे खिल्लारे एका कावलातून दुसऱ्यात हलवली जात. टिपूच्या काळी अशी कुरणे चार लाख एकरांहून अधिक होती, असे नोंदलेले आहे. गोठा नाही, पेंड नाही; ऊन, पाऊस आणि वाघ-बिबट्याचे भय यांतून जे वाचेल तेच पुढच्या पिढीचे. वळू निवडण्याचे काम माणसाचे खरे, पण त्याच्या आधीची चाळणी कुरणच करीत असे.

परिणामी जे जनावर घडले ते करड्या रंगाचे, सडपातळ, टणक खुरांचे, लांब टोकदार शिंगांचे आणि काहीसे रानटी. गाय दूध देई ते जेमतेम वासरापुरते. आजच्या कोणत्याही तक्त्यात ती नापास होईल! परंतु बैल? १७८१ मध्ये चिदंबरमच्या बचावासाठी हैदरने अडीच दिवसांत शंभर मैलांची मजल मारली, ती या बैलांच्या बळावर, असे इंग्रजी नोंदी सांगतात. १८०३ च्या मराठ्यांविरुद्धच्या मोहिमेत, म्हणजे अहमदनगर व असईच्या लढायांच्या वेळी, आर्थर वेलस्लीच्या सैन्याची जी चपळाई दिसली, तिचे श्रेयही म्हैसूरच्या बैलांना दिले जाते. आपल्या माणदेशातील खिल्लारही याच म्हैसुरी वंशगटात मोडते.

१७९९ नंतर कंपनीने हे कळप म्हैसूर दरबाराकडे सोपवले. ते हयगयीने खालावले, म्हणून १८१३ मध्ये मद्रासच्या कमिसरियत खात्याने ते परत ताब्यात घेतले. मग आला १८६० चा काटकसरीचा निर्णय. मद्रासचे गव्हर्नर सर चार्ल्स ट्रेव्हेलियन यांच्या काळात खाते मोडून कळप विकण्यात आले. तर्क असा की बैल बाजारात मिळतातच, खाते कशास पोसावे? कागदावर हा तर्क निर्दोष आहे. पण बाजारातील चांगला बैल ज्या वळूंपासून येत होता, ते वळू याच खात्याचे होते. लवकरच बैलांचा तुटवडा व भाववाढ जाणवू लागली आणि त्याच दशकात खाते पुन्हा उभे करावे लागले. विखुरलेले कळप गोळा करणे हे मोडण्याइतके सोपे नव्हते, हे सांगणे न लगे. १८८२ मध्ये ते म्हैसूर सरकारकडे आले.

विसाव्या शतकात लष्कराला बैल नको झाले. तोफा मोटारी ओढू लागल्या, शेतीत ट्रॅक्टर आला आणि धवलक्रांतीच्या काळात जर्सी व होल्स्टीन यांच्या संकराला शासकीय पाठबळ मिळाले. संकरित गाईने अनेक लहान शेतकऱ्यांच्या घरी पैसा आणला, हे मी नाकारणार नाही. मात्र ती गाय बांधून खाणारी आहे. वैरण, पाणी, औषध सारे तिच्या दाराशी न्यावे लागते. कावलावर ती टिकणार नाही.

येथे प्रशासकीय मेख आहे. पूर्वी जनावर आणि जमीन एकाच खात्याकडे होती. पुढे गुरे पशुसंवर्धनाकडे राहिली आणि कावले महसुली नोंदीत ‘उपलब्ध जमीन’ म्हणून दिसू लागली. कळप रोडावला की कुरण रिकामे वाटते, आणि कुरण गेले की कळप आणखी रोडावतो. अन्नधान्यवाढीच्या मोहिमेत काही कावले लागवडीस गेली. २००७ नंतरच्या काही वर्षांत चित्रदुर्ग जिल्ह्यातील चळ्ळकेरे तालुक्यात संरक्षण, अणुऊर्जा व अवकाश संशोधनाच्या संस्थांना मिळून सुमारे दहा हजार एकर जमीन देण्यात आली. प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत गेले. त्या संस्थांची गरज खोटी नव्हती. पण त्या जमिनीवर मेंढ्या चारणारे धनगर आणि त्यांच्या लोकरीवर जगणारे कांबळी विणकर होते, माळढोकाचा वावर होता, हे सातबाऱ्यासारख्या उताऱ्यात कोठे लिहिलेले असते?

चिक्कमगळूरु जिल्ह्यातील अज्जंपूर येथे अमृतमहालाचे सरकारी पैदास केंद्र आजही आहे. तेथील खोंडांचा लिलाव होतो, तेव्हा शेतकरी दुधाची नोंदवही मागत नाहीत. खूर पाहतात, छाती पाहतात आणि आई कोणत्या कावलावर चरली ते विचारतात.