नरक्या : औषधाचा शोध आणि लागवडीचा प्रश्न – एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

सह्याद्रीच्या सदाहरित व निमसदाहरित जंगलात मोठ्या वृक्षांच्या सावलीत वाढणारा नरक्या हा लहानसा वृक्ष आहे. त्याच्या फुलांना दुर्गंध येतो. 'फेटिडा' या जुन्या लॅटिन नावाचा अर्थही दुर्गंधी असाच आहे. या उपेक्षित झाडाचे औषधी मूल्य जगाला कळले. परंतु ते लावावे व वाढवावे कसे, याचा विचार फार उशिरा झाला. प्रस्तुत लेखात या विलंबाचा मागोवा घेतला आहे.

नरक्याची शास्त्रीय नोंद मुंबई इलाख्यातील आहे. जॉन ग्रॅहॅम यांनी मुंबई परिसरातील वनस्पतींची जी सूची केली, तीत १८३९ मध्ये या वनस्पतीचा अंतर्भाव झाला. ग्रॅहॅम त्याच वर्षी निवर्तले आणि सूचीचा उर्वरित भाग जोसेफ निम्मो यांनी पूर्ण केला. 'नोथापोडायटिस निम्मोनियाना' या आजच्या नावात निम्मो यांची स्मृती जपली गेली आहे. पुढे सव्वाशेहून अधिक वर्षे हे झाड सूचीपुरतेच राहिले.

१९६६ मध्ये अमेरिकेत मन्रो वॉल व मनसुख वाणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका चिनी वृक्षातून 'कॅम्पटोथेसिन' हे कर्करोगविरोधी द्रव्य वेगळे केले. वाणी हे मूळचे नंदुरबारचे, मुंबई विद्यापीठाचे पदवीधर. १९७२ मध्ये टी. आर. गोविंदाचारी व एन. विश्वनाथन यांनी तेच द्रव्य नरक्यात असल्याचे प्रसिद्ध केले. गोविंदाचारी तेव्हा मुंबईत गोरेगाव येथील सिबा संशोधन केंद्राचे संचालक होते. खानदेशच्या सुपुत्राने सातासमुद्रापार शोधलेले द्रव्य सह्याद्रीतच सापडावे, हा योगायोग विलक्षण खरा. झाडाच्या वाट्याला मात्र त्यातून कुऱ्हाडच आली.

वास्तविक अवधी पुरेसा होता. विषारी परिणामांमुळे या द्रव्याच्या पहिल्या चाचण्या १९७० च्या दशकातच थांबल्या. ते पेशींवर कसे कार्य करते, याचा उलगडा १९८५ मध्ये झाला आणि १९९६ मध्ये टोपोटेकॅन व इरिनोटेकॅन या त्यापासून बनविलेल्या औषधांना अमेरिकेत मान्यता मिळाली. म्हणजे नरक्यातील द्रव्य ज्ञात झाल्यापासून २४ वर्षे हाती होती. एवढ्या काळात रोपवाटिकांतून एक पिढी उभी राहू शकली असती. प्रत्यक्षात मागणी वाढताच महाराष्ट्र व कर्नाटकातील जंगलांतून झाडे तोडली गेली, आणि मुळांत द्रव्याचे प्रमाण अधिक असल्याने ती उपटलीही गेली. चीनमधील वृक्ष झपाट्याने वाढणारा व लागवडीला सरावलेला. नरक्या मात्र जंगलाच्या सावलीचा व ओलाव्याचा आश्रित. दोघांना एकाच मापाने मोजण्याची चूक येथे झाली, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

नरक्याची जोपासना अवघड असली तरी अशक्य नाही. पावसाळ्यात तो फुलतो आणि पावसाळा सरता सरता जांभळट-काळी, एकबीजी फळे पिकतात. गर काढून ताजे बी पेरणे हितावह असते. उगवण मंद असल्याने धीर धरावा लागतो. रोपांना सुरुवातीस सावली व सतत ओलावा आवश्यक असतो. नर, मादी व उभयलिंगी फुलांची झाडे वेगवेगळी आढळतात. म्हणून एकाच झाडाचे बी घेऊन केलेली लागवड पुढे फलधारणेस अपुरी पडण्याचा संभव असतो. सर्वांत महत्त्वाची बाब अशी की, जमिनीलगत बुंधा राखून तोड केल्यास त्याला नवे धुमारे फुटतात. मूळ उपटले की ती शक्यताच संपते.

लातूर-नांदेडच्या काळ्या जमिनीत व कोरड्या हवेत नरक्या लावण्याचा अट्टाहास व्यर्थ होय. तथापि किनवट-माहूरच्या सागवानी जंगलातील औषधी वनस्पतींबाबत हाच प्रश्न उभा आहे. प्रा. व्ही. एन. नाईक यांच्या 'फ्लोरा ऑफ मराठवाडा' या १९९८ मधील ग्रंथाने आपल्या विभागाची सूची सिद्ध केली आहे. त्यातील कोणते बी केव्हा पिकते, किती दिवसांत रुजते, कोणते झाड तोडीनंतर पुन्हा फुटते, या नोंदी किनवट परिसरातील गोंड व कोलाम वस्त्यांमध्ये बसून कराव्या लागतील. वनस्पतिशास्त्राइतकेच ते मौखिक इतिहासाचेही काम आहे.