चांदीचे त्रिकोण

१८८० साली लाइपझिगच्या प्रसूतिगृहात कार्ल क्रेडे नवजात बालकांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटच्या २ टक्के द्रावणाचा थेंब घालू लागले. तोवर तेथे १०० पैकी सुमारे १० बालकांना जन्मतःच डोळ्यांचा संसर्ग होई, काहींची दृष्टीही जाई. हे प्रमाण शेकडा एकाच्याही खाली आले. चांदीचे हे काम आयन करतात, हे समजायला अजून वेळ होता. १८९३ मध्ये कार्ल फॉन नेगेली यांचा निबंध त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. धातूचा अत्यल्प अंशही पाण्यातील स्पायरोगायराला मारतो, असे त्यांना आढळले होते.

पुढे बराच काळ प्रश्न असे तो 'चांदी किती?' हाच. नंतर कणाचे आकारमान चर्चेत आले आणि मग आकार. (वर्गात या दोन शब्दांची गल्लत हमखास होते.)

२००७ मध्ये दक्षिण कोरियात सुकदेब पाल आणि सहकाऱ्यांनी ई. कोलाय जिवाणूंवर तीन प्रकारचे सूक्ष्मकण वापरले. वाढ रोखायला कोपरे छाटलेल्या त्रिकोणी चकत्यांतील १ मायक्रोग्रॅम चांदी पुरली. गोल कणांना १२.५ आणि काड्यांना ५० ते १०० मायक्रोग्रॅम लागली.

असे का? ताटात गोट्या एकमेकींना खेटून दाटीने पसरा. मधल्या प्रत्येक गोटीला सहा शेजारी मिळतात. त्रिकोणी चकतीच्या सपाट तलावर चांदीचे अणू असेच बसतात. या तलाला स्फटिकशास्त्रात (१११) म्हणतात. घनाकृती स्फटिकाच्या तलावर, म्हणजे (१००) वर, त्याच थरातील शेजारी चारच. दाट तलामुळे चकती अधिक क्रियाशील ठरते, असे संशोधकांचे स्पष्टीकरण होते.

मला ते पुरेसे वाटत नाही. दाट रचलेला तल सहसा अधिक स्थिर असतो. शिवाय तुलना वजनाची होती. पापड आणि लाडू एकाच वजनाचे असले तरी त्यांचा पृष्ठभाग सारखा नसतो, आणि आयन सुटतात ते पृष्ठभागावरूनच.

२०१२ मध्ये अमेरिकेतील राइस विद्यापीठाच्या गटाने चांदीचे कण ऑक्सिजनविरहित वातावरणात तयार केले आणि तेथेच तपासले. ऑक्सिजन नाही म्हणजे चांदीचे ऑक्सिडीकरण नाही, म्हणून आयनही नाहीत. आयनांच्या मारक मात्रेच्या ७,६६५ पट चांदी असूनही ई. कोलाय मेले नाहीत! म्हणजे मारणारा आयनच. कणाचा आकार फार तर तो किती वेगाने सुटेल हे ठरवत असावा. मात्र त्या प्रयोगात कण वेगवेगळ्या आकारमानांचे होते, त्रिकोणी चकत्या नव्हत्या.