आधी परत, मग वाद

आई किंवा वडिलांनी मूल परस्पर परदेशी नेलं, तर ते आधी नेहमीच्या वास्तव्याच्या देशात परत पाठवायचं; ताबा कोणाकडे राहणार, हे तिथलं कोर्ट बघेल. २५ ऑक्टोबर १९८० च्या हेग कराराचं हे सूत्र. विषय १९७६ मध्ये कॅनडाने मांडला, करार डिसेंबर १९८३ मध्ये अमलात आला. या सूत्राचं कूळ हेबिअस कॉर्पसमध्ये किंवा अमेरिकेच्या १९६८ च्या नमुना ताबा-कायद्यात शोधण्याचा मोह होतो. माझ्या मते त्याचा मूळपुरुष जमिनीचा दावा आहे.

रोममध्ये मुलांसाठी वेगळा दावा होताच, ‘द लिबेरिस दुकेन्दिस’. पण त्यात मूल कोणाच्या पितृसत्तेखाली आहे, म्हणजे थेट हक्काचाच निवाडा होई. हेगचं कलम १९ नेमकं उलट बजावतं: परतीचा आदेश म्हणजे ताब्याच्या वादाचा निकाल नव्हे. हा स्वभाव रोमच्याच ‘उन्दे वी’चा. जबरदस्तीने जमिनीवरून हुसकावलेल्याला, मालकीचा काथ्याकूट न करता, आधी कब्जा परत. मागणी मात्र वर्षाच्या आत करायची. नवव्या शतकात फ्रँक राज्यात कुणीतरी पोपांच्या नावावर बनावट पत्रांचं बाड रचलं, त्यात बिशपांसाठी असाच नियम होता: पदावरून हाकललेल्याला आधी गादीवर बसवा, मगच त्याच्यावर खटला चालवा. कागद खोटे, तत्त्व मात्र खणखणीत. चर्चच्या कायद्यातून ते पुढे दिवाणी कायद्यातही रुजलं. आपल्या १९६३ च्या स्पेसिफिक रिलीफ कायद्याचं कलम ६ याच वळणाचं: बेकायदा बेदखल झालेल्याने सहा महिन्यांत दावा लावला, तर समोरच्याची मालकी आड येत नाही.

हेगच्या कलम १२ मध्येही एका वर्षाची मुदत आहे. वर्ष उलटल्यावर अर्ज आला आणि मूल नव्या जागी रुजलं असेल, तर परतीची सक्ती उरत नाही. हा नुसता योगायोग असेल, कारण याच विषयावरच्या मे १९८० च्या लक्झेंबर्ग करारात हीच मुदत सहा महिन्यांची आहे. म्हणून आकड्यावर मी फार भार टाकत नाही. खरा आक्षेप वेगळा: कलम ३ ताब्याच्या हक्काचा भंग झाला का, हे विचारतंच. विचारतं खरं, पण कोणाचा हक्क वरचढ, यात ते शिरत नाही. मूल नेलं तेव्हा तो हक्क प्रत्यक्ष बजावला जात होता का, हे मात्र बघतं. नुसता कागद पुरत नाही, वहिवाट लागते. हेबिअस कॉर्पसच्या वाटेने मूल मागितलं, तर कोर्ट मुलाच्या हिताच्या चौकशीत शिरतं. अमेरिकी कायदा मुख्यतः कोणत्या कोर्टाने ऐकायचं ते ठरवतो. दोघांना चुलत घराण्यातले म्हणता येईल.

पण जमिनीला इजा होत नाही, मुलाला होते. म्हणून कलम १३ मध्ये गंभीर धोक्याचा अपवाद घालावा लागला. मसुदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर प्रामुख्याने मूल पळवणारा बाप होता. प्रत्यक्षात बहुतेक प्रकरणांत नेणारी आई निघाली, आणि काही जणी मारहाणीतून सुटून आलेल्या. त्यामुळे आज कोर्टातली सगळ्यात कडाक्याची भांडणं याच अपवादावर होतात. भारत या करारात नाही. विधी आयोगाने २००९ मध्ये सामील होण्याची शिफारस केली होती; २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मात्र सांगितलं, की परदेशी कोर्टाचा आदेश हा विचारात घ्यायच्या बाबींपैकी एक, मुलाचं हित सर्वांच्या वर. थोडक्यात, कलम ६ चं तर्कशास्त्र आपण शेतासाठी ठेवलं आहे, मुलासाठी नाही.