विदुराच्या डोक्यावरची टोपी

1921 साली मुंबईच्या कोहिनूर फिल्म कंपनीचा ‘भक्त विदुर’ हा मूकपट आला. त्यातल्या विदुराच्या अंगावर खादी होती आणि डोक्यावर गांधी टोपी. दिग्दर्शक होते कांजीभाई राठोड आणि विदुर झाले होते कंपनीचे मालक द्वारकादास संपत स्वतः. रौलट कायदा आणि जालियनवाला बागेला जेमतेम दोन वर्षं उलटली होती, असहकाराची चळवळ ऐन भरात होती. अशा वेळी हस्तिनापूरच्या दरबारात खादीतला माणूस दिसला, की दुर्योधन कोण हे प्रेक्षकांना वेगळं सांगायची गरज उरली नाही. सरकारलाही ती उरली नाही. कराचीत आणि मद्रासमध्ये चित्रपटावर बंदी आली. विदुराचं नाव घेऊन हा गांधींचाच चित्रपट आहे, असा आक्षेप होता आणि तो खराही होता.

संपतांची निवड फार विचारपूर्वक केलेली दिसते. महाभारतात पराक्रमी पुरुषांची वाण नाही. पण दासीपुत्र असूनही भर सभेत राजाला चार खडे बोल सुनावणारा, शस्त्र न उचलणारा माणूस एकच. कृष्ण दुर्योधनाची पंचपक्वान्नं नाकारून विदुराघरच्या कण्या खातो, ही गोष्ट घरोघरी ठाऊक होती. चरखा आणि साधी राहणी यांच्याभोवती उभ्या राहिलेल्या चळवळीला याहून जवळचं पौराणिक पात्र शोधूनही सापडलं नसतं.

ही वाट मराठी रंगभूमीने आधीच मळून ठेवली होती. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं ‘कीचकवध’ 1907 साली रंगमंचावर आलं. खाडिलकर टिळकांच्या ‘केसरी’तले. नाटकात माजी व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनचं नाव कुठेही नाही, बंगालच्या फाळणीचा उल्लेख नाही. विराटाच्या दरबारात कीचक द्रौपदीची विटंबना करतो, युधिष्ठिर संयम राखायला सांगतो, भीमाचे हात शिवशिवतात. प्रेक्षक मात्र कीचकात कर्झन, द्रौपदीत हिंदभूमी, युधिष्ठिरात मवाळ आणि भीमात जहाल पाहत होते. व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकाराने ‘इंडियन अनरेस्ट’ या आपल्या पुस्तकात या नाटकाची खास दखल घेतली. 1910 साली सरकारने हे नाटक बंद पाडलं. हाताशी 1876 चा नाट्यप्रयोग कायदा होताच.

ही नाटकं-चित्रपट मेलोड्रामाच्या घाटाचे, आणि मेलोड्रामाला नावं ठेवण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. खलनायक काळाकुट्ट, नायिका सोशिक, संकट टोकाचं, अश्रू घळाघळा. समीक्षकांनी हे सगळं दोषांच्या यादीत टाकून दिलं. पण पारतंत्र्यातलं राजकारण सामान्य माणसापर्यंत पोहोचलं त्यात या भडक रंगांचा वाटा मोठा आहे, हे मान्य करायला हवं. ‘केसरी’चा अग्रलेख वाचणाऱ्यांची संख्या मर्यादित होती. पिटात बसलेल्या माणसाला मात्र भर सभेत अपमान झालेल्या बाईकडे पाहून राज्यव्यवस्थेबद्दल जे कळायचं ते कळत होतं. कथा आधीच पाठ असल्यामुळे तिच्यात केलेला लहानसा बदलही त्याच्या लगेच लक्षात येई. टोपी बदलली की अर्थ बदले.

सरकार या खेळात मागे नव्हतं. सिनेमॅटोग्राफ कायदा 1918 साली झाला, 1920 पासून मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि रंगून इथे सेन्सॉर मंडळं बसली. मुंबईच्या मंडळाचे प्रमुख खुद्द पोलीस आयुक्त असत, यावरून चित्रपटाकडे कोणत्या नजरेने पाहिलं जाई ते उघड आहे.

कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीला या नजरेचा अनुभव लवकरच आला. 1930 साली, मिठाच्या सत्याग्रहाच्या वर्षी, व्ही. शांताराम यांनी तोरणा किल्ल्याच्या विजयावर मूकपट केला आणि शिवाजी महाराजांची भूमिकाही स्वतः केली. नाव ठेवलं ‘स्वराज्याचे तोरण’. ‘स्वराज्य’ हा शब्दच सेन्सॉरला खुपला. शेवटच्या ध्वजारोहणाच्या दृश्यालाही कात्री लागली आणि चित्रपट ‘उदयकाल’ या नावाने बाहेर पडला. तोरण्यावर झेंडा चढताना पाहून लोकांना कोणता झेंडा आठवेल, हे सेन्सॉरने अचूक ओळखलं होतं.

पाच वर्षांनी तोच प्रकार पुन्हा झाला. प्रभात आता पुण्यात होती आणि एकनाथांवरच्या बोलपटाचं नाव होतं ‘महात्मा’. एकनाथ झाले होते बालगंधर्व, रंगभूमीवर स्त्रीरूपात अवघ्या महाराष्ट्राने पाहिलेले. सेन्सॉरच्या हरकतीनंतर ‘महात्मा’चा ‘धर्मात्मा’ झाला. अस्पृश्याच्या घरी जेवणारा ब्राह्मण संत पडद्यावर दाखवणं, तेही पुणे करारानंतर तीनच वर्षांनी, हे धाडस होतंच. पण याच 1935 साली ऑक्टोबरमध्ये येवल्यात डॉ. आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. ‘धर्मात्मा’त करुणा आहे, कळवळा आहे आणि सगळा प्रकाश संताच्या चेहऱ्यावर आहे. ज्याच्या घरी तो जेवायला जातो, त्याचं म्हणणं या मेलोड्रामाला पेललं नाही. ही त्याची मर्यादा खरी, आणि ती सेन्सॉरने घातलेली नव्हती.

1937 नंतर प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळं आली तेव्हा बंधनं थोडी सैल झाली. महायुद्ध सुरू होऊन मंत्रिमंडळांनी राजीनामे दिल्यावर ती पुन्हा आवळली गेली. या उघडझापीचा फटका तमिळमधल्या के. सुब्रह्मण्यम यांच्या ‘त्यागभूमी’ला बसला. 1939 साली तो रीतसर प्रदर्शित झाला, गर्दीत चालला आणि पुढे त्याच्यावर बंदी आली. सोहराब मोदींचा ‘सिकंदर’ 1941 साली इतर ठिकाणी चालला, पण काही लष्करी छावण्यांच्या भागात तो दाखवू दिला नाही. परकीय आक्रमकापुढे ताठ उभा राहणारा पोरस सैनिकांनी पाहू नये, एवढी काळजी सरकारला होती.

या साऱ्या काळातला सर्वांत मोठा राजकीय मेलोड्रामा मात्र 1941 चा ‘शेजारी’ आहे. आदल्याच वर्षी लाहोरला मुस्लिम लीगचा पाकिस्तान ठराव झाला होता. शांतारामांनी पुराण आणि इतिहास दोन्ही बाजूला ठेवले आणि एका गावातले दोन म्हातारे मित्र घेतले, एक हिंदू, एक मुसलमान. धरण बांधू पाहणारा माणूस आपल्या फायद्यासाठी दोघांत फूट पाडतो. शेवटी ते धरणच फुटतं आणि दोघे एकमेकांचा हात धरून प्राण सोडतात. मराठीत केशवराव दाते आणि गजानन जागीरदार यांनी ही जोडी उभी केली. त्याच्याच हिंदी आवृत्तीत, ‘पडोसी’त, मुसलमान मिर्झा झाले जागीरदार आणि हिंदू ठाकूर झाले मझहर खान. हिंदूने मुसलमानाची आणि मुसलमानाने हिंदूची भूमिका करणं, हे त्या वर्षी एखाद्या भाषणाइतकंच स्पष्ट होतं. इतर चित्रपट राज्यकर्त्यांकडे बोट दाखवत होते. ‘शेजारी’ने प्रेक्षकाला त्याच्या स्वतःच्या गावाकडे बघायला लावलं, म्हणून तो आजही अधिक बोचतो.

‘भारत छोडो’नंतर पाच महिन्यांनी, नेते तुरुंगात असताना, जानेवारी 1943 मध्ये बॉम्बे टॉकीजचा ‘किस्मत’ आला. कथा चोराची आणि प्रेमाची. पण त्यात नाटकाच्या रंगमंचावर गायलेलं कवी प्रदीप यांचं एक गाणं होतं, परक्यांना हिंदुस्तानातून दूर व्हायला बजावणारं. गाण्यात जर्मन आणि जपानी यांचा उल्लेख असल्यामुळे ते युद्धप्रचार म्हणून सेन्सॉरमधून सुटलं. कलकत्त्याच्या रॉक्सी थिएटरात ‘किस्मत’ तीन वर्षांहून अधिक काळ चालला. परके म्हणजे कोण, याबद्दल तिथल्या एकाही खुर्चीत शंका नव्हती.